गाडीचं गाव कुठलं?

सेकंड हँड एसयूव्ही घ्यायची ठरवली आणि ज्याला विचारावं तो कंपनीचं नाव सांगू लागला. कुणी म्हणे टोयोटा डोळे मिटून घ्या, कुणी म्हणे मारुतीशिवाय बघूच नका, कुणाचा महिंद्रावर जीव. नवी गाडी घेताना अशा सल्ल्याला अर्थ असतो. सात-आठ वर्षं वापरलेल्या गाडीला तो फारसा लागू पडत नाही, हे मला गाड्या बघत फिरताना पटत गेलं. एकाच कारखान्यातून एकाच महिन्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्या घ्या. एक कळंगुटला समुद्राजवळ उघड्यावर उभी राहिली, दुसरी फोंड्याला शेडखाली. सात पावसाळे गेल्यावर त्या दोघींत बिल्ल्यापलीकडे फारसं साम्य उरत नाही. म्हणून गोव्यात जुनी गाडी बघायला गेलं की ‘रनिंग किती’ हे नंतर विचारावं. आधी विचारावं, ही गाडी राहिली कुठे आणि तिनं काम काय केलं.

आमची गरज साधी होती. घर वाळपईच्या पुढे, माझी शाळा साखळीला. सासऱ्यांना ठरावीक दिवशी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं लागतं. माहेर बेळगावला, म्हणजे चोर्ला घाट आलाच. शिवाय कुळागराकडे, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेकडे, उतरणारी वाट जून ते सप्टेंबर वाट राहत नाही, ओहोळ होतो. लहान गाडीचं पोट तिथं घासतं. फोर बाय फोरची आम्हाला गरज नव्हती. जमिनीपासून उंची आणि घाटात न धापणारं इंजिन एवढंच हवं होतं.

डिझेलच घ्यायचं आणि तेही एप्रिल २०२० च्या आधीचं, हे मी विचार करून ठरवलं. बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आल्यापासून डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळून जायला गाडी मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगात पळावी लागते. घर ते शाळा असं रोजचं थोडकं अंतर चालणाऱ्या गाडीत हा फिल्टर तुंबत जातो आणि बदलायचा झाला तर खर्च फार मोठा. माझं रोजचं चालवणं नेमकं तसंच आहे. पेट्रोलच्या जुन्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, तोही विचार मनात होता. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेलवर आली तशी बंदी आपल्याकडे नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि पुढे तपासणी करून वाढवता येते.

यादीत मारुतीची व्हिटारा ब्रेझा, ह्युंदाईची क्रेटा, महिंद्राची स्कॉर्पिओ आणि रेनॉची डस्टर अशी चार नावं राहिली. डस्टर मला फार आवडायची. खराब रस्त्यावर तिच्यासारखी बसणारी गाडी या किमतीत दुसरी नाही. पण तिच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, कारण धावता धावता तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच उघडावं लागतं. मी बघितलेल्या डस्टरच्या मालकांकडे बेल्ट बदलल्याचं बिल नव्हतं. ‘बदललाय’ हा शब्द पुरेसा नसतो, बिल लागतं. बेल्टचं इंजिन असलेली कुठलीही गाडी बघताना मी हाच नियम पाळला.

आमचे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, साखळीचे. सासऱ्यांच्या पहिल्या जीपपासून घरच्या गाड्या तेच बघतात. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी एकच अट घातली, “गाडी वयर घेतल्याबगर हांव कितेंच सांगचों ना.” म्हणजे रँपवर चढवून खालून बघितल्याशिवाय ते तोंड उघडणार नव्हते. ही अट मी प्रत्येक विकणाऱ्याला आधीच सांगत गेले. ज्यांनी टाळाटाळ केली त्यांच्याकडे गेलेच नाही. निम्मी निवड या एका वाक्यानं झाली.

जायच्या आधी घरबसल्या नंबर तपासायचा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, वाहनाचा वर्ग, इन्शुरन्सची मुदत, बँकेचा बोजा हे दिसतं. नंबरवरून गाव कळायला सुरुवात होते. जीए-०३ म्हापसा, जीए-०४ डिचोली, जीए-०५ फोंडा, जीए-११ पेडणे. हा अर्थात पहिल्या मालकाचा तालुका. पुढे गाडी विकली जाऊन कुठेही गेलेली असू शकते, म्हणून सर्व्हिसिंगची बिलं कुठल्या गावची आहेत तेही बघायचं. दिल्ली पासिंगच्या काही गाड्या मोह पडावा इतक्या स्वस्त होत्या. तिथं दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदी आली, म्हणून त्या एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, घेऊन इतर राज्यांत आल्या. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त दिवस इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, आणि ती आधी कशी वापरली गेली ते विचारायला इथं कुणीच नसतं. त्या मी सोडून दिल्या.

पहिली जी गाडी मनापासून बघितली ती किनारपट्टीवरची. मालक सभ्य, रनिंग कमी, आतून अगदी नवी, सीटवर डाग नाही. चालवली तेव्हा इंजिनही गोड. मी जवळजवळ हो म्हणायच्या बेतात असताना मेस्तांनी ती रँपवर घेतली. खाली सगळीकडे काळाभोर ताजा थर मारलेला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर टकटक करायला सुरुवात केली. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो. दाराखालच्या पट्टीला, मागच्या चाकाच्या वर, तो आवाज एकदम बद्द झाला. थोडं खरवडल्यावर काळ्या थराबरोबर पत्र्याचे पापुद्रे निघाले.

त्या दिवशी मेस्तांनी मला गंज वाचायला शिकवला. वरवरची तपकिरी भुकटी बोटानं पुसली जाते आणि खालचं लोखंड घट्ट लागतं. तसला गंज गोव्यातल्या प्रत्येक गाडीला असतो, त्याला घाबरायचं नाही. पापुद्रे सुटणारा, फुगलेला, जोडांमधून फुटून येणारा गंज मात्र पत्रा खात असतो. समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे ऊन पडलं तरी पत्र्याच्या जोडांतली ओल जात नाही. पावसानं गाडी धुऊन निघते असं आपण म्हणतो, पण पाऊस वरून पडतो, पोटाखालचं मीठ तिथंच राहतं. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: पुढच्या काचेच्या रबराखालची कड, दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, शॉकच्या वरच्या बैठकीचे जोड, ब्रेकचे लोखंडी पाइप. स्कॉर्पिओसारख्या गाडीला वेगळी चेसी असते, तिथं चेसीच्या आडव्या पट्ट्या आणि बॉडीचे माउंट बघायचे. क्रेटा-ब्रेझासारख्यांना वेगळी चेसी नसते, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. तिथं पट्टी कुजली म्हणजे गाडीचं हाडच कुजलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार मोलाची वाटते. गंजलेल्या गाडीत प्रत्येक दुरुस्ती महाग होते. साधा शॉक बदलायचा तर बोल्ट सुटत नाही, कापावा लागतो. तो कापताना शेजारचा भाग दुखावतो. वायरिंगचे अर्थचे जोड हिरवे पडतात आणि मग आज पंखा बंद, उद्या सेन्सरचा दिवा, असं चालू राहतं. कंपनी कितीही नावाजलेली असो, अशी गाडी विश्वासाची राहत नाही. मालकाचा त्यात दोष नव्हता. तो राहतो तिथली हवाच तशी.

दुसरी गाडी म्हापशाजवळ एका एजंटाकडे होती. पांढरी पाटी, म्हणजे खासगी. भाड्यानं चालवायला देतात त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी, हे गोव्यात लहान मुलालाही माहीत आहे. पण खासगी पाटीवर बेकायदा भाड्यानं दिल्या जाणाऱ्या गाड्याही आपल्याकडे थोड्या नाहीत, आणि त्या ॲपवर ओळखू येत नाहीत. त्या अंगावरच्या खुणांनी ओळखाव्या लागतात. चारही दारांच्या कडा ठेचलेल्या, कारण आत बसणाऱ्यांपैकी कुणाचीच ती गाडी नसते. चार टायर चार कंपन्यांचे. रिमना सगळीकडून ओरखडे. पुढची सीट मागे सरकवली तर रुळांत वाळू. हातानं चिमटीत घेऊन बघितली तर बारीक, किनाऱ्यावरची. किनाऱ्यावर गाडी नेणं बेकायदेशीर आहे, तरी पर्यटक नेतात, खाऱ्या पाण्यात चाकं बुडवून फोटो काढतात आणि गाडी परत करतात. त्या पाण्याचं पुढं काय होतं हे वर लिहिलंच आहे.

या गाडीला मेस्तांनी ओबीडी स्कॅनर लावला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं हे छोटं यंत्र आता बहुतेक गॅरेजमध्ये असतं. फॉल्ट कोड एकही नव्हता. मला बरं वाटलं. मेस्तांनी मात्र पुढचं पान उघडलं. कोड शेवटचे पुसल्यापासून गाडी किती चालली, तेही यंत्र सांगतं. तो आकडा इतका छोटा होता की कोड आम्ही येणार म्हणूनच पुसले असावेत. कोड नुसते पुसले की बिघाड जात नाही, काही दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. मग आम्ही सर्व्हिसिंगचा इतिहास मागितला. मालकाची परवानगी असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर प्रत्येक वेळची तारीख आणि किलोमीटर सांगतं. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीतले किलोमीटर आजच्या मीटरपेक्षा जास्त निघाले. तिथंच विषय संपला.

मला संताप आला तो पैशांसाठी नाही. मीटर मागे फिरवलेल्या गाडीचं ऑइल कधी बदलायचं, बेल्ट कधी बदलायचा, ब्रेक कधी बघायचे हे सगळं पुढच्या मालकाला चुकीचं कळतं. घाटात ब्रेक लागला नाही तर त्या गाडीत म्हातारी माणसं, लहान मुलं बसलेली असतात.

खाणपट्ट्यातल्या गाड्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण आमच्या भागात त्या भेटतातच. खाणी २०१२ साली बंद झाल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. त्या कामावर लावलेल्या गाड्या कधी अहोरात्र चालल्या, कधी महिनोन्महिने उभ्या राहिल्या. एअर फिल्टरची पेटी उघडायची. फिल्टर नवा असेल, पण पेटीच्या कोपऱ्यात आणि फिल्टरच्या पलीकडच्या पाइपात तांबडी धूळ दिसली तर ती इंजिनात गेली आहे असं धरायचं. दाराच्या रबरामागे, सीटबेल्टच्या खाचेतही ती सापडते. सीटबेल्ट तसाही पूर्ण ओढून बघावा. गाडीत पुराचं पाणी शिरलं असेल तर बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, ती कुणाला पुसायचं सुचत नाही.

शेवटी जी घेतली ती फोंड्याची. २०१८ ची डिझेल ब्रेझा, एकच मालक, बँकेतून निवृत्त झालेले काका. फोनवरच मी त्यांना विनंती केली होती, “काका, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.” आम्ही भल्या सकाळी पोहोचलो आणि मेस्तांनी आधी बोनेटवर हात ठेवला. थंड होतं. डिझेल इंजिनाचा खरा स्वभाव थंड असतानाच कळतो. गरम केलेलं इंजिन कुठलंही लगेच सुरू होतं. मेस्त मागे सायलेन्सरजवळ उभे, मी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली, किंचित काळा धूर आला आणि विरला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर कूलंट किंवा इंजेक्टरचं दुखणं, काळा सतत येत राहिला तर हवा-इंधनाचं गणित बिघडलेलं. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून तिथंच उलटं ठेवलं. ते उडालं नाही, नुसतं थरथरलं. पिस्टन रिंग झिजल्या असत्या तर आतल्या वाऱ्यानं ते नाचलं असतं. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग नव्हता.

या इंजिनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. फियाटचं १२४८ सीसीचं हे मल्टिजेट इंजिन मारुतीनं स्विफ्टमध्ये वापरलं, टाटानं इंडिका व्हिस्टात वापरलं, फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत तर होतंच. म्हणून वाळपईपासून काणकोणपर्यंत प्रत्येक मेस्ताचा हात त्यावर बसलेला आहे आणि पार्ट कुठंही मिळतात. त्यात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तरी गावात दुरुस्त होणारी गाडी हीच माझ्या दृष्टीनं भरवशाची गाडी. शोरूम चाळीस किलोमीटरवर असेल तर कागदावरच्या कौतुकाचा मला काय उपयोग?

काकांनी स्वतःहून सांगितलं की मागचं उजवं दार एकदा रंगवलंय, स्कूटर धडकली होती. क्लेमचा कागद फाइलमध्ये होता. मेस्तांनी तरी सगळ्या काचांवरचे कोड वाचले, बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टांवरचा रंग खरवडला आहे का ते पाहिलं, बोनेटखालच्या पत्र्याचे कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठिपके तपासले. सगळं जागच्या जागी. फाइलमधल्या बिलांवरचे किलोमीटर तारखेनुसार वाढत गेलेले, लॉकडाऊनच्या वर्षी मोठी खोट. काका म्हणाले, “तेव्हा आठवड्यातून एकदा सुरू करून अंगणात मागे-पुढे करायचो.” मला त्या वाक्यातच गाडी आवडली.

मग फर्मागुडीचा चढ, तिथून उसगावमार्गे साखळी, रँपवर तपासणी, आणि मी हट्ट धरला म्हणून पर्ये, केरी करत चोर्ला घाट. काका शेजारी बसले, मेस्त मागे. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढायचा आणि गाडी किंचित मागे राहायची. क्लच प्लेट संपत आलेली. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी सुस्त वाटली, पण मेस्त म्हणाले तो या इंजिनाचा स्वभाव आहे, टर्बो त्यानंतरच जोर धरतो. स्वभाव आणि आजार यांतला फरक सांगणारं माणूस सोबत असणं किती गरजेचं आहे ते मला तिथं कळलं. एकटी असते तर मी त्या सुस्तीला घाबरले असते आणि क्लचकडे लक्ष गेलं नसतं. उतारावर पाय काढून काही वळणं गाडी गिअरवर सोडली आणि मग पुन्हा रेस दिली. मागे निळा धूर नाही. घाटभर टेंपरेचरची पट्टी जागची हलली नाही.

दोष होते ते लिहून काढले. क्लच, पुढच्या चाकांकडच्या लोअर आर्मचे बुश म्हणजे रबरी जोड, आणि टायर. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. या गाडीवर ३११८ होतं, म्हणजे २०१८ चा एकतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर कडक झालेलं, आणि जुन्या कडक रबरावर आमच्या पावसात ब्रेक मारायची माझी तयारी नव्हती. मेस्तांनी सगळ्याचा खर्च ४० हजारांच्या आसपास काढला. मी तो कागदच काकांसमोर ठेवला, घासाघीस केली नाही. त्यांनी वाचला, टायरबद्दल थोडं बोलले आणि मोठा भाग किमतीतून कमी केला.

कागदपत्रांत मी कुठेच सवलत घेतली नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आरटीओत बोजा उतरवणं, थकलेली चलनं, पीयूसी. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या. काकांनाही त्यात रस होता, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. नाव बदललं नाही आणि उद्या अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येते. इन्शुरन्स नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत दिला. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर येत नाही, तो काकांचा काकांकडेच राहिला, तेवढा फरक आम्ही भरला.

पहिल्याच आठवड्यात सगळी ऑइलं, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदललं. जुनं ऑइल कितीही चांगलं दिसलं तरी आपला हिशेब आपल्या तारखेपासून सुरू व्हावा म्हणून. टायर आणि बुश लगोलग घातले. दारांखालची पाण्याची भोकं तारेनं मोकळी केली आणि पावसाळ्याआधी पोटाखाली पातळ मेणाचा थर मारून घेतला, खालचं लोखंड दिसत राहील असा. काकांच्या फाइलमध्येच मी पुढची बिलं लावते आहे. क्लच अजून तोच आहे. मेस्त म्हणाले पावसाळा काढेल, दिवाळीच्या सुट्टीत उतरवू.